सगळे परत येईपर्यंत

देवदत्त ऑफिसातल्या दिशाला एक टिपण लिहीत होता आणि वाक्याच्या मधोमध लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बॅटरी कधीचीच निकामी झालेली, म्हणून त्याला आधी वाटलं, वीज गेली. ऑक्टोबरच्या उकाड्यात रत्नागिरीत दुपारची वीज जाते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. खाली कुणीतरी नळी लावून गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाजही तसाच चालू होता. मग पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. त्याने पासवर्ड दिला. चौकट नाही म्हणाली. त्याने पुन्हा दिला, सावकाश, एकेक अक्षर बघून, जणू चूक त्याच्याच बोटांची होती. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या ऑफिसातली बाई होती. तिचा आवाज गोड होता आणि वाचून दाखवल्यासारखा. आत्ता बोलायला वेळ आहे ना, असं तिने आधी विचारलं. मग कंपनीला काही कठीण निर्णय घ्यावे लागले, त्यात त्याचं पद आजपासून राहिलेलं नाही, लॅपटॉप न्यायला कुरियरवाला येईल, यापुढे कामाबद्दल टीममधल्या कुणाशी बोलायचं नाही असं कागदात लिहिलेलं आहे आणि तो कागद सहीसाठी मेलवर येईल, असं ती सांगत गेली. तो हो हो म्हणत होता. तिचं बोलून झाल्यावर, काही विचारायचंय का, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझं एक वाक्य अर्धं राहिलंय. ते पुरं करून पाठवता येईल का?" याचं उत्तर तिच्यापुढच्या कागदात नसावं. "सर, तुमचं अकाउंट बंद झालंय," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज वाचल्यासारखा नव्हता.

फोन ठेवल्यावरही तो तसाच बसून राहिला. बोटं कळांवरच होती. त्यांना अजून पुढचे शब्द माहीत होते.

त्याची कंपनी इस्पितळांसाठी प्रोग्रॅम बनवायची. अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक खाटेपाशी एक यंत्र असतं, ठोके, रक्तदाब, श्वास दाखवणारं. त्या सगळ्या यंत्रांकडून येणारे आकडे एका जागी गोळा करायचे आणि ज्याचे त्याच्या नावावर लिहून ठेवायचे, हे त्या प्रोग्रॅमचं काम. प्रत्येक खाटेसाठी प्रोग्रॅमच्या आत एक वेगळा थ्रेड चालतो. थ्रेड म्हणजे काय, हे त्याने ओवीला, आपल्या मुलीला, ती लहान असताना सांगितलं होतं: एकाच घरात एकाच वेळी आई भाजी चिरते, बाबा फोनवर बोलतात, तू चित्र काढतेस, तसं. सुरू करणं सोपं असतं. कुणालाही जमतं. कठीण असतं ते बंद करणं, आणि गेली कित्येक वर्षं देवदत्तकडे तेच काम होतं. नवी आवृत्ती बसवताना प्रोग्रॅमला सगळा पसारा आवरून तिथल्या तिथे पुन्हा उभं राहावं लागतं. तेव्हा सगळ्या थ्रेडना आधी सांगायचं, आता थांबा. काही झोपलेले असतात, यंत्राकडून काही येईल म्हणून वाट बघत. त्यांना नुसतं सांगून कळत नाही, आधी उठवावं लागतं. मग प्रत्येकाला हातातलं काम पुरं करू द्यायचं. मधेच कुणाला मारलं तर तो हातातलं कुलूप, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून असतं ते, तसंच धरून मरतो आणि बाकीचे त्या कुलपापाशी कायमचे ताटकळतात. एकेक परत येईल तशी त्याची मोजणी करायची. सगळे परत आले की मगच फाइल मिटायची, त्यांची जागा दुसऱ्यांना द्यायची. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. नर्सला एवढंच दिसतं की पडदा मिटला आणि पुन्हा उजळला. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येऊ नये, असं ते काम होतं, आणि त्याला ते आवडायचं.

हल्ली त्याला एकच गोष्ट छळत होती. फार क्वचित, असं आवरून पुन्हा उभं राहिल्यावर एका खाटेचे आकडे दुसऱ्या खाटेच्या नावावर दिसायचे. थोडेसेच. पण एका माणसाचा रक्तदाब दुसऱ्याच्या नावावर. इस्पितळातून तक्रार आली की ऑफिसात करून बघायचे आणि तिथे काहीच सापडायचं नाही. त्या दिवशी सकाळी, चहाचा कप बेसिनमध्ये ठेवता ठेवता, त्याला कारण दिसलं होतं. लाइन मंद असली की खाटेचा थ्रेड आपल्या मदतीला आणखी एक थ्रेड सुरू करून सोडून देत होता, आणि या सोडून दिलेल्याची मोजणी कुठेच होत नव्हती. मोजलेले सगळे परत यायचे. प्रोग्रॅम समाधानाने फाइल मिटायचा, जागा दुसऱ्या खाटेला द्यायचा. आणि तो एक, ज्याला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं, आपल्या जुन्या जागेवर लिहीतच असायचा. हेच तो दिशाला लिहीत होता, दोघांनाही उघडता येणाऱ्या एका सामायिक पानावर. दिशा त्याच्या हाताखालची, पुण्यात बसणारी, कमी बोलणारी मुलगी. येता सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी नवी आवृत्ती इस्पितळांमध्ये जायची होती. वाक्य एवढंच लिहून झालं होतं: फाइल मिटण्याआधी.

हेमा शाळेतून संध्याकाळी आली तेव्हा तिचं डोकं दुखत होतं. ती गणित शिकवायची. सहामाही परीक्षा चालू होती आणि कुणा दुसऱ्या बाईंची सुपरव्हिजनही तिच्याच गळ्यात पडली होती. तिने पंखा मोठा केला आणि डोळे मिटून सोफ्यावर पडली. देवदत्तने तिला चहा करून दिला. आता सांगावं, असं तो कप पुढे करताना मनात म्हणाला. तिने एक डोळा उघडून विचारलं, "तुझं आज लवकर आटपलं?" तो म्हणाला, हो, जरा लवकरच. आणि हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून पुढचं सांगायचं राहून गेलं. रात्री जेवताना सांगू, असं ठरलं. जेवताना पुण्याहून ओवीचा फोन आला. मग सकाळी सांगू. सकाळी हेमा घाईत होती. आणि ती स्कूटर घेऊन गेल्यावर देवदत्तने अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दहाच्या सुमाराला आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाय तिकडे वळले. टेबलावर मिटलेला लॅपटॉप होता. तो त्याच्यासमोर बसला. दहाला रोज एक मीटिंग असायची. आता ते सगळे एकेक करून पडद्यावर येत असतील. श्याम, त्याचा जुना मित्र, घसा खाकरत असेल. आपल्या जागी काय असेल, रिकामी चौकट, की बाकीच्या चौकटी सरकून थोड्या मोठ्या झाल्या असतील?

असे दिवस गेले. थकवा कशाचा, ते कळत नव्हतं. काम नव्हतं, तरी संध्याकाळी पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे. डोक्यात कोड चालूच असायचा. भाजी निवडताना, दाढी करताना तो मनातल्या मनात त्या चुकीच्या ओळीपाशी जाऊन उभा राहायचा, ती दुरुस्त करायचा, पुन्हा तपासायचा, आणि मग आठवायचं की तिथे जायला आता दारच नाही. मग थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुपारी घराची कुलूपकिल्ली घेऊन तो बाहेर पडायचा आणि पूल ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यावर जायचा. भरदुपारी तिथे कुणी नसायचं. सुरूच्या झाडांखाली गरम वाळूत पाय रोवून तो बसायचा. खाडीच्या तोंडाशी पाणी दोन रंगांचं दिसे, आणि कडेच्या ओल्या वाळूवर बारीक खेकडे आपल्या भोकांतून बाहेर येऊन लगेच आत जात. हेमा यायच्या आत तो घरी असायचा, पायाची वाळू झटकून, खोलीचं दार लावून. भांडीवाली गोदूबाई तेवढी त्याला या वेळात बघायची. एकदा ओट्यापाशी उभ्याउभ्या तिने विचारलं, "आज काम नाय काय तुमचा? बोलताना ऐकू येत नाय ता." तो म्हणाला, सध्या लिहायचं काम आहे. तिने मान हलवली आणि नळ सोडला. तिला पटलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट न पटली तरी तशीच ठेवायची असते, हे तिला ठाऊक होतं.

श्यामला त्याने पहिल्याच दिवशी फोन केला होता. श्याम वेळणेश्वरचा. दोघं एकाच वर्षी पुण्याला गेले, एकाच कंपनीत लागले, कोथरूडला एका खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर आळीपाळीने भात शिजवला. नंतर श्याम वर गेला आणि देवदत्त होता तिथे राहिला, म्हणजे कोडमध्ये. त्याची त्याला खंत नव्हती. टाळेबंदीच्या वर्षी तो घरूनच काम करायचं म्हणून रत्नागिरीला परतला, तेव्हा कंपनीशी भांडून श्यामनेच ते जमवून दिलं होतं. श्यामने फोन उचलला नाही. संध्याकाळी दोन ओळींचा निरोप आला: मला बोलायची परवानगी नाही. माफ कर. देवदत्तने तो निरोप कितीदा तरी उघडून वाचला. माफ कर हे श्यामचं होतं. पहिली ओळ दुसऱ्या कुणाची तरी होती. कमी करायच्या माणसांच्या यादीत आपलं नाव कुणी घातलं असेल, हा विचार तो येऊ देत नव्हता, आणि तो येतच होता. त्याने मग त्या गोड आवाजाच्या बाईंना मेल लिहिली. चूक कुठे आहे, सोमवारच्या आत ती का दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर काय होऊ शकतं, सगळं सविस्तर. क्षणात उत्तर आलं: आपल्या पत्राबद्दल आभार, आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल. ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. कुठलाच प्रतिनिधी आला नाही. तेव्हा भाट्याला वाळूत बसून त्याने पहिल्यांदा मनाशी म्हटलं, जाऊ दे. जाऊ दे सोमवारी. होऊ दे काय व्हायचं ते. आणि हे म्हणताना त्याला बरं वाटलं. श्यामचा चेहरा डोळ्यांपुढे आला, इस्पितळातून फोनवर फोन येतायत आणि कुणालाच काही सापडत नाहीये असा. त्या चेहऱ्याकडे तो पुष्कळ वेळ बघत बसला.

वडिलांची, आप्पांची आठवण याच दिवसांत वारंवार येत होती. आप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जुनं, खटखट वाजणारं एक्स्चेंज काढून नवं इलेक्ट्रॉनिक बसवलं, तो दिवस ते आयुष्यभर सांगत राहिले. रविवारची सकाळ होती. साहेब घड्याळ बघत उभे होते. खूण झाली की जुन्याची जोडणी तोडायची आणि नवं चालू करायचं. बाकी सगळ्या लाइनी मोकळ्या होत्या. एका स्विचचा दांडा तेवढा वर होता. कुणीतरी बोलत होतं. साहेब म्हणाले, तोडा, लागेल पुन्हा फोन त्यांचा. आप्पा म्हणाले, थोडं थांबू या. सगळे घाम पुसत त्या एका दांड्याकडे बघत थांबले. कुणी कान लावला नाही. केव्हातरी दांडा खटकन खाली पडला, आणि मग तोडलं. देवदत्तच्या आईला दर वेळी एकच प्रश्न असे, कोण होतं हो ते, एवढं काय बोलत होते? आणि आप्पांचं उत्तरही ठरलेलं, आपल्याला काय करायचंय, बोलत होते. लहानपणी त्याला ही गोष्ट कंटाळवाणी वाटायची, कारण तिच्यात काही घडतच नाही. मोठेपणी कधी वाटलं, ती खरी तरी असेल का. साहेबाला थांबा म्हणतील असे आप्पा त्याने घरात कधी पाहिले नव्हते. आता आप्पा नव्हते, विचारायची सोय नव्हती. पण भाट्याच्या वाळूत त्याच्या डोळ्यांपुढे यायचा तो आप्पांचा चेहरा नव्हे. यायची ती घामेजलेली, चुळबुळत उभी असलेली माणसं. त्यांना घरी जायचं होतं. रविवार होता.

आणि इस्पितळातली ती बाई. तिचं नावही त्याला माहीत नव्हतं. प्रोग्रॅम पहिल्यांदा एका इस्पितळात बसवला तेव्हा तो स्वतः गेला होता. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर एका स्टुलावर ती बसलेली असायची, लुगड्याचा पदर तोंडाशी धरून, काचेतून आतल्या पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बघत. नवरा होता की मुलगा, कुणास ठाऊक. देवदत्त आतबाहेर करत होता, गळ्यात बिल्ला होता, म्हणून तिला तो डॉक्टर वाटला असावा. तिने उभं राहून विचारलं, "साहेब, त्याच्यावर दिसतंय ते खरं असतंय न्हवं?" तो डॉक्टर नव्हता. आतल्या माणसाला काय झालंय, तो जगेल का, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. पण हा एकच प्रश्न असा होता, की त्या सबंध इमारतीत त्याचं उत्तर द्यायचा हक्क त्यालाच होता. तो म्हणाला, हो, खरं असतं. ती पुन्हा बसली. तेवढ्याने तिचे खांदे खाली आले होते. हे त्याला भाट्याला आठवलं आणि श्यामचा तो चेहरा डोळ्यांपुढून गेला. त्याच्या जागी काहीच आलं नाही. नुसतं पाणी, दुपारचं, डोळ्यांना खुपणारं. तरी त्याने कुणाला फोन केला नाही. उठवत नव्हतं. मेल पाठवली, श्यामला फोन केला, आता आणखी किती दारं वाजवायची, असं तो स्वतःला समजावत होता, आणि ते पटत नव्हतं, आणि तरी उठवत नव्हतं.

शुक्रवारी तो किनाऱ्याकडे निघायच्या बेतात असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. दिशा होती. आवाज घुमत होता. ती ऑफिसच्या जिन्यात उभी होती आणि मैत्रिणीच्या फोनवरून बोलत होती. तुमच्याशी बोलायचं नाही असं सांगितलंय आम्हाला, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग म्हणाली, सोमवारच्या आवृत्तीवर सही तिला करायला सांगितलीय, सगळ्या चाचण्या पास होतायत. तो ऐकत राहिला. पास होणारच, त्याला माहीत होतं. ऑफिसातली लाइन कधी मंद नसते.

"सर, तुमचं टिपण अर्धंच माझ्यापर्यंत आलंय," ती म्हणाली. "फाइल मिटण्याआधी, एवढंच आहे. पुढे काय?"

तो गॅलरीत आला होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. गप्प बसणं अगदी सोपं होतं. कागदही तेच सांगत होता. त्याने अजून सही केली नव्हती, पण करणार होता, आणि केल्यावर हा फोनसुद्धा गुन्हा ठरला असता. "मला विचारायचं नसतं ना तुम्ही?" तो म्हणाला. ते जरा कडवट निघालं.

"नसतं," दिशा म्हणाली. "मी विचारतेय."

त्याने सांगितलं. आधी तुटक, मग बोलता बोलता त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला, दहाच्या मीटिंगमधला. मोजलेले सगळे परत येतात. एक मोजलेलाच नाही. लाइन मुद्दाम मंद करून बघ, म्हणजे तुझ्याकडेही होईल. त्याला सोडून देऊ नका, त्याचंही नाव नोंदवा, त्यालाही थांब म्हणून सांगा, तो परत येईपर्यंत फाइल मिटू नका. मिनिटभर जास्त लागेल. लागू दे. ती मधेमधे हं म्हणत होती आणि तिच्या पेनाचा आवाज येत होता. शेवटी तिने विचारलं, हे कुणी शोधलं म्हणून सांगू? तो म्हणाला, तू शोधलंस म्हणून सांग. ती म्हणाली, मी नाही शोधलेलं. मग कुणाचंच नाव नको, तो म्हणाला. तिने फोन ठेवला.

त्या दिवशी तो किनाऱ्यावर गेला नाही. खोलीतही बसला नाही. घरभर फिरत राहिला, कपाटावरची धूळ पुसली, ओवीच्या जुन्या वह्या सरळ केल्या. आपण त्या मुलीला कशात ढकललं, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येत होतं. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. घरी आई एकटी, असं कधीतरी ती म्हणाली होती. त्याला फोन करून सांगावंसं वाटलं, राहू दे, सही करून टाक. आणि ते सांगता येणार नाही हेही माहीत होतं. शनिवारी हेमाची शाळा सकाळची होती. ती गेल्यावर तो फोन हातात धरून हॉलमध्ये बसला. दुपार झाली. मग दिशाने फोन केला, या वेळी स्वतःच्या नंबरवरून.

तिने सगळं एका दमात सांगितलं. लाइन मंद केल्यावर सकाळपासून दोनदा तसंच झालं, एका खाटेचे आकडे दुसरीवर. ती ते घेऊन मीटिंगमध्ये गेली. कसं सापडलं, असं विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं, देवदत्त सरांना फोन केला म्हणून. एक साहेब कागदाचं, वकिलांचं काहीतरी बोलायला लागले. तेव्हा श्याम सर म्हणाले, सोमवारचं थांबवा. एवढंच म्हणाले आणि कॅमेरा बंद केला. मग तिने दुरुस्ती केली, पुन्हा चालवलं, पुन्हा पुन्हा आवरून उभं केलं.

"आता सगळे परत येतात, सर," ती म्हणाली.

देवदत्तने डोळे मिटले. "आणि तुझं काय?"

"बोलावलंय सोमवारी. बघू काय म्हणतात ते." मग थोडं थांबून तिने विचारलं, तुम्ही एकदा कोड बघाल का, म्हणजे माझी खात्री होईल.

"मला नाही बघता येणार, दिशा," तो म्हणाला. "मी आता तिथे नाहीये. माझी नोकरी गेली. तुझं तूच बघायचं, आणि तुला ते येतं." हे त्याने सावकाश म्हटलं. माझी नोकरी गेली, हे शब्द या घरात त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले होते. फोन ठेवून तो वळला, तर उघड्या दारात हेमा उभी होती. एका हातात स्कूटरची किल्ली, खांद्याला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याने फुगलेली पिशवी. ती केव्हापासून उभी होती, हे त्याने विचारलं नाही.

तिने पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. "कधी?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती मनाशी मागे मागे जात होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं: तो चहा, ओवीचा फोन, परवा दोघांनी मिळून साफ केलेली तिसऱ्यांच्या शिंपल्यांची टोपली, इस्त्रीचे शर्ट. त्याने बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी तुझं डोकं दुखत होतं, मग परीक्षा, मग रोज वाटायचं की आज. ती ऐकत होती, पण ते ऐकणं वर्गातलं होतं. मुलगा काय काय सांगतोय ते सगळं सांगून होऊ देणारं.

"त्या मुलीला सांगितलंस," ती शेवटी म्हणाली.

"तिला कामाचं सांगत होतो."

"हो." ती सोफ्याच्या कडेवर टेकली. "नोकरीचं मला काही नाही वाटत, दत्ता. म्हणजे वाटेल, उद्या वाटेल. पण इतके दिवस मी कुणाबरोबर जेवत होते?"

खूप दूरवरून आल्यासारखा थकवा त्याच्या अंगभर पसरला आणि तो तिथेच, तिच्यासमोर, खुर्चीत बसला. तिने तोंड धुतलं. दोन ताटं घेतली, भात वाढला, कालची आमटी गरम केली. दोघं जेवली. अनेक दिवसांत पहिल्यांदा आमटीत कोकम जास्त झालंय हे त्याच्या जिभेला कळलं. जेवण झाल्यावर तो आडवा झाला तो एकदम दिवेलागणीलाच जागा झाला. हेमा गॅलरीत ओवीशी फोनवर बोलत होती. तिने सांगितलं की नाही, त्याला ऐकू आलं नाही. रात्रीही ती कमीच बोलली. कुशीवर वळण्याआधी मात्र तिने विचारलं, मी शाळेत असताना तू दिवसभर काय करायचास? भाट्याला जाऊन बसायचो, तो म्हणाला. "ऊन असेल ना फार," ती अंधारात म्हणाली, आणि मग तिचा श्वास संथ झाला.

रविवारी तो उठला, अंघोळ केली, आणि भानावर यायच्या आत हँगरवरचा शर्ट अंगात घालून खोलीच्या दाराशी आला होता. दार उघडंच होतं. आत त्याच्या खुर्चीवर हेमा बसली होती. लॅपटॉप उचलून तिने खाली भिंतीशी ठेवला होता आणि टेबलभर नववीचे पेपर पसरले होते. लाल पेनने ती एक गणित शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली, कडेला अर्धा गुण दिला, आणि मान वर न करता म्हणाली, "ही खोली आज मला लागणार आहे."

"मग मी कुठे बसू?" त्याने विचारलं. खरंच विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं, त्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "घर आहे, दत्ता," ती म्हणाली. "बस कुठेही."

तो हॉलमध्ये आला. सोफा होता, खुर्च्या होत्या, गॅलरीत झोपाळा होता. तो बराच वेळ मधोमध उभा राहिला. मग शर्टाची बटणं काढत काढत, खिडकीतून ऊन आलं होतं तिथे, फरशीवर भिंतीला टेकून बसला. आतून पेपर उलटल्याचा आवाज येत होता.